आधी काटा, मग आई

माझे धाकटे दीर, विनायक भाऊजी, गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात मोबाइलवर आईंची खोली बघत होते. आई म्हणजे सासूबाई. दुपारी कसबा बावड्याच्या घरात एकट्याच असतात. फोन वाजला की मला काळजी वाटायची, ती आईंची. त्या दिवसापुरते आजऱ्याला कामावर गेलेल्या भाऊजींचं हृदय बंद पडेल, हे ध्यानीमनीही नव्हतं…

घरातलं इंटरनेट भाऊजींच्या ताब्यात होतं. नेट आधी कुणाला मिळायचं, याची राउटरमध्ये त्यांनी रांगच लावली होती. पहिला मान आईंच्या कॅमेऱ्याचा, मग माझ्या मुलीच्या ऑनलाइन क्लासचा, बाकीच्यांना उरलंसुरलं. स्वतःचा मोबाइल सगळ्यांत खाली. मला ही शिस्त जाचायची. एकदा हळदीकुंकवाचा लांबलचक व्हिडिओ नणंदेला पाठवायचा होता आणि तो जाता जात नव्हता. मी गुपचूप राउटरचं ॲप उघडलं, माझा लॅपटॉप रांगेत वर नेला, कॅमेरा तळाला ढकलला आणि व्हिडिओ पाठवणं तसंच चालू ठेवून ऑफिसला गेले. मोबाइलवर आई पलंगावर बसलेल्या दिसत होत्या, हातात जपमाळ. अर्धा तास मी निर्धास्त होते. चित्र गोठलेलं होतं, आणि आई न्हाणीच्या दारात पडल्या होत्या. जेवायला आलेल्या भाऊजींनी त्यांना उचललं. मनगट मोडलं होतं.

मी रडत सगळं कबूल केलं. ते चिडले नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली.

"वैनी, चूक माझीबी हाय की," ते म्हणाले. "चित्र चालतंय का थांबलंय, हे बघणाऱ्याला कळाय नको व्हय?"

संध्याकाळी त्यांनी कॅमेऱ्यासमोर, पलंगाच्या वर, मोठं घड्याळ लावलं. "आधी सेकंदाचा काटा बघायचा, मग आईला. काटा थांबला की सरळ घर गाठायचं."

खरं सांगू? भाऊजींचं दुःख मला अजून नीट झालेलंच नाही, भीतीच एवढी वाटते. दिवसकार्याला घर पाहुण्यांनी भरलं होतं, जो तो मोबाइलला चिकटलेला; तरी कॅमेरा एकदाही अडला नाही. ते गेले, पण त्यांची रांग तशीच उभी होती. ती मोडली तर लावायची कशी, आम्हा कुणालाच ठाऊक नाही. राउटरवरची धूळ पुसायलाही माझा हात धजत नाही.

गेल्या आठवड्यात काटा थांबला. आई पलंगावर, हातात जपमाळ… तेच चित्र. स्कूटर कशी हाणली, मला आठवत नाही. दार उघडलं तर आई जपाला बसलेल्या. मला धापा टाकताना बघून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"आता कोण गेलं गं?"

कुणी नाही, म्हटलं. स्टुलावर चढून घड्याळ काढलं. सेल संपला होता. मागे चिकटपट्टीवर भाऊजींच्या अक्षरात सेल बदलायचा महिना लिहिलेला. तो उलटून गेला होता. नवा सेल घातला, काटा सुरू झाला. चिकटपट्टीवर आता पुढचा महिना मी लिहायचा होता. पेन घेतलं आणि त्यांचा महिना न खोडता त्याखाली लिहिला.