मृत्यूचा मुकुट

रत्नागिरीत सर्जन म्हणून माझं आयुष्य गेलं. राखणदार, अंगात येणं... पेशंट सांगतात, मी मान हलवतो आणि बीपी मोजतो. तरी हे लिहितोय, कारण यात माझा गुन्हाही आहे.

अठरा वर्षांपूर्वी मिरकरवाड्यातल्या सुलभाताई आल्या. जांघेतला हर्निया अडकलेला. नवरा नारायणराव बोटीवर, म्हणून आणायला एक दिवस गेला. पण आतडं शाबूत होतं — उशीर झालेला नव्हता. ते सोडवायला आतल्या कडेचा घट्ट पट्टा कापावा लागतो. काही माणसांत त्याला चिकटून एक धमनी वळसा घेते. आम्ही तिला ‘मृत्यूचा मुकुट’ म्हणतो. मी न चाचपता कापलं. रक्त थांबलं नाही. बाहेर येऊन नारायणरावांना म्हणालो, “उशीर झाला हो.”

त्यानंतर चाचपल्याशिवाय मी कधी ब्लेड लावलं नाही.

गेल्या महिन्यात सुलभाताईंची मुलगी वैशाली आली, बंदरावर मासे विकणारी. तेच दुखणं. कमरेखालची भूल, त्यामुळे टेबलावरूनही सिस्टरला दम देत होती — “नीट शिवा हां, नायतर शिळे बांगडे देईन!” मग डोळा लागला तिचा.

मी चाचपलं. काही लागलं नाही. ब्लेड उचललं... आणि कानाशी बाईचा आवाज, शांत, वयस्क.

“अजून मागं बघा, डाक्टर. घाबरू नका.”

बोट हाडामागे सरकवलं. नाडी. ठकठक, पट्ट्याला लागूनच. धमनी बांधली, मगच कापलं. वैशाली घोरत होती. सिस्टरनी, भूलतज्ज्ञांनी काहीच ऐकलं नव्हतं.

माझंच मन बोललं म्हणाल. पण चाचपूनही हाताला न लागलेली जागा मनाला कशी ठाऊक?

बाहेर नारायणराव थर्मास घेऊन बाकावर होते. “ह्या टायमाला वेळेत आणलंय, डाक्टर. दुखतंय म्हणाली, तशीच उचलली.”

मग मला राहवलं नाही. पट्टा, धमनी, माझा हात, माझं खोटं — सगळं सांगितलं. शिव्यांची वाट बघत उभा राहिलो.

“म्हंजे... माझ्या उशिरानं नाय गेली ती?”

“नाही.”

ते रडले. मग थर्मास खाली ठेवून बाकावर सरकले. “बसा.”

बसलो. आवाजाचंही सांगितलं, कुणाचा, कुठून, मला उलगडत नाही — आजही नाही — हेही.

मग त्यांनी एवढंच विचारलं, “रागात व्हती?”

“नाही,” मी म्हणालो.