उलट्या वळशांची गाठ

बाडमेरच्या पुढे वाळवंटात दुपारी कातळाला हात लावायची सोय नाही, चटकाच बसतो. ऊन कलेपर्यंत चढाई बंद. मैथिली दोराचं वेटोळं उशाला घेऊन तंबूत आडवी झाली आहे. बाहेर केतकी स्टोव्हला पंप मारतेय. तो आवाज ऐकता ऐकता मैथिलीचे डोळे जड होतात, आणि पायथ्याशी श्रीरंग बसलेला दिसतो, बुटातली वाळू झटकत.

श्रीरंग म्हणजे केतकीचा भाऊ, मैथिलीचा अकरा वर्षांचा चढाईतला जोडीदार. गेल्या वर्षी सह्याद्रीतल्या एका कड्यावरून उतरताना दोर संपला आणि तो खाली कोसळून गेला. टोकाला गाठ असती तर तिथेच अडला असता.

"बघितलं का नाहीस खाली?" मैथिली त्याच्यावर तुटून पडते. "वर्षभर जीव जळतोय माझा तुझ्यापायी!"

"हळू बोल. आई झोपलीये."

खरंच की. हे श्रीरंगच्या नाशिकच्या घरचं स्वयंपाकघर आहे. ओट्याखालून वाळू वाहतेय, फ्रिजच्या जागी कातळ सरळ वर गेलाय. आई भिंतीकडे तोंड करून झोपली आहे.

"आई सगळ्यांना सांगते, माझा मुलगा वेंधळा होता," श्रीरंग म्हणतो. "तिला कुणी सांगितलं, की गाठ मी विसरलो?"

"मी सांगितलं. मग?"

"आपल्यात गाठ कोण मारतं, मैथिली?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात जाते. मेलेल्या माणसाने उलटतपासणी घ्यावी! "जो दोर टाकतो तो. मला शिकवू नकोस."

"त्या दिवशी कुणी टाकला?"

ओट्यावरचा कप ती कातळावर भिरकावते. कप फुटतो, आवाज मात्र होत नाही.

"मी टाकला! मी! पण 'आटप, आटप' करून डोकं कोण खात होतं? आणि उतरण्याआधी एकदा विचारायला काय झालं होतं तुला? इतका कसला रे मेला विश्वास!"

श्रीरंग तिच्या उशाचा दोर ओढतो, टोक शोधतो आणि डाव्या हाताने गाठ मारू लागतो. सगळं डाव्या हातानेच करायचा तो.

"धर," तो म्हणतो.

"मैथिलीताई, चहा!"

ती दचकून उठते. तंबूच्या कापडावर ऊन कललंय. मुठीत दोराचं टोक आहे आणि टोकाला गाठ. वळसे उलटे, डावखुऱ्याने घातलेले. राग तसाच आहे, कणभरही उतरलेला नाही.

केतकी दारात वाकून हात पुढे करते. "दोर द्या. आज मी टाकते. आणि गाठ दोनदा बघणार, दादासारखा वेंधळेपणा नको."

"वेंधळा म्हणू नकोस त्याला!" मैथिली इतक्या जोरात ओरडते की केतकीच्या हातातला चहा सांडतो.

"मग काय म्हणू?" केतकीही भडकते. "तुम्हीच सांगितलंत ना?"

मैथिली ती गाठ केतकीच्या तळहातावर ठेवते.

"त्या दिवशी दोर मी टाकला होता."