मावसाजींच्या हातातला पेढा

जगात कोणी कोणावर नाराज झालं तर त्यात थोडा तरी हात आपला असनच, असं खरंखुरं मानणारा एकच माणूस मी पाह्यला आहे, अन् तो नेमका माझ्या मावशीचा नवरा निघाला. आमचे मावसाजी. बालाघाट शहरात, आमच्या घरामागच्या गल्लीत राहतात. चालणं असं, की पायाखालच्या रस्त्याले बी त्रास नाही झाला पाह्यजे. बाकी दुनिया भेते की लोक काय म्हणतील. मावसाजी त्याले बिलकुल भेत नाहीत. ते म्हणतात, "म्हटलं तर बरंच आहे ना बेटा. आपण हात जोडाचे, मोकळं व्हाचं. पण त्यानं म्हटलंच नाही अन् मनात ठेवलं तर?" या एका 'तर'पायी तो माणूस रोज सकाळपासून हैरान आहे.

चौकातल्या कटिंगच्या दुकानाचंच घ्या. समोरासमोर दोन दुकानं आहेत, दोन्ही मालक मावसाजींच्या ओळखीचे. म्हणून केस एकाकडं अन् दाढी दुसऱ्याकडं. एवढ्यानं भागलं असतं, पण खुर्चीत बसलं की आरशात समोरचं दुकान दिसते, अन् समोरचा रिकामा बसलेला दिसला की मावसाजींचा जीव कासावीस. मंग कटिंग होईपर्यंत डोळे मिटून बसतात. कटिंगवाल्याले वाटते माणसाले झोप लागली, तो अजूनच हळू हात चालवते. एकदा शेजारचे मास्तर रस्त्यानं रामराम न करता निघून गेले. झालं. मावसाजी त्यायच्या मागं पार भाजीबाजारापर्यंत गेले, "काही चुकलं का जी माझं?" मास्तरची त्याच दिवशी दाढ काढली होती, तोंडात कापसाचा बोळा. मास्तर हातानं खाणाखुणा करत राह्यले, मावसाजींले वाटलं माणूस इतका चिडला की शब्द फुटून नाही राह्यला, अन् दुसऱ्या दिवशी मावशीले सोबत घेऊन माफी मागाले गेले.

अन् खाण्याचं तर विचारूच नका. कोणी समोर प्लेट ठेवली अन् मावसाजींनं नाही म्हटलं, असं आमच्या खानदानात कोणाच्याच आठवणीत नाही. जवळच्या लालबर्ऱ्याले एकदा पत्ता चुकून भलत्याच घरी शिरले. त्या घरच्यायले वाटलं सुनेच्या माहेरचं कोणी आलं, म्हणून चहा, चिवडा, भजे, सगळं काढलं. अर्ध्यात मावसाजींच्या लक्षात आलं, तरी पूर्ण संपवलं, वरून अजून दोन भजे मागून घेतले. मी विचारलं, सांगतलं काहून नाही? तर म्हणे, "इतक्या मायेनं वाढून राह्यले होते, त्यायले किती शरम वाटली असती." आता लालबर्ऱ्याले गेले की त्या घरी न चुकता जातात. घरचे अजून बी त्यायले सुनेचे काकाच समजतात. सून काही बोलत नाही, तिले वाटत असन सासरचं कोणी आहे.

तर असा माणूस. अन् अशा माणसाच्या पोरीले कटंगीवरून स्थळ आलं.

ताईचा, म्हणजे माझ्या मावसबहिणीचा, नागपूरले लॅब टेक्निशियनच्या कोर्सले नंबर लागला होता. तिनं बापाले साफ सांगतलं, "बाबा, मले आत्ता लग्न नाही कराचं. अन् त्या घरी तर नाहीच, ते म्हणतात कोर्स सोडून ये." मावसाजी म्हणाले, "हौ." त्याच दिवशी कटंगीवरून पोराच्या बापाचा फोन आला, या एकदा घर पाहाले. मावसाजी त्यायले बी म्हणाले, "हौ." आता आमच्याकडं रीत अशी, की पोरीच्या बापानं पोराच्या घरी जाऊन चहा घेतला, नाश्ता केला, त्याचं काही नाही. पण पोराच्या बापाच्या हातून गोड खाल्लं की पसंती झाली, गोष्ट पक्की. मंग मोडलं तर सगळीकडं पोरीचंच नाव खराब होते. म्हणजे पेढा बापाच्या तोंडात गेला की ताईचं नागपूर गेलं. ताई म्हणे, फोनवरच नाही म्हणा ना. तर मावसाजी म्हणे, "फोनवर नाही म्हणाले आपल्याले काही लागत नाही, म्हणून तर समोरच्याले जास्त लागते. मी समोर जाऊन सांगतो." मावशीले स्थळ पसंत होतं, ती चूप. पोरगी काही स्वतःच्या रिश्त्यासाठी पोराच्या घरी जात नसते. मंग ताई माझ्याकडं आली, चेहरा असा उतरलेला, "तू जा सोबत. कसंबी कर, बाबाच्या तोंडात गोड गेलं नाही पाह्यजे."

बसमध्ये मावसाजी पूर्ण रस्ता वाक्य पाठ करत होते. बालाघाट सोडलं तेव्हा वाक्य होतं, "पोरगी नाही म्हणते." वारासिवनी येईपर्यंत ते झालं, "पोरगी आत्ता तरी नाही म्हणते." अन् कटंगी जवळ आली तेव्हा मले ऐकू आलं, "पोरगी तशी नाही म्हणत नाही, पण." मी म्हटलं, "मावसाजी, पहिलंच चांगलं होतं." ते म्हणाले, "हौ, पण किती टोचते ते."

पोराचा बाप दारातच उभा होता. दणकट माणूस, आवाज असा की गल्लीत ऐकू जाईन. "या इवाई, या." अजून चपला काढल्या नव्हत्या अन् त्यायनं आमाले व्याही करून टाकलं होतं. बसलो. आलूपोहे आले. पोराची माय दाराशी उभी राहून मावसाजींच्या प्लेटीकडं पाहून राह्यली होती. प्लेट जराशी रिकामी झाली की, "आवडले नाही का जी?" अन् मावसाजी घाईघाईनं, "नाही नाही, आणा ना अजून." तीन प्लेटी खाल्ल्या. वरून चहा, चार चम्मच साखरेचा. मी मनातल्या मनात म्हणत होती, खा, किती खाचं ते खा, पोटात जागाच ठेवू नका.

मंग पेढ्याची थाळी आली. पोराचा बाप उठला, एक पेढा उचलला अन् सरळ मावसाजींच्या तोंडापाशी आणला. अन् तुमाले सांगते, मावसाजींचं तोंड उघडलं. आदतच तशी, काय करणार. मी हातातला पाण्याचा गिलास सोडून देला. स्टीलचा गिलास फरशीवर असा वाजला की सगळे माझ्याकडं पाहाले लागले, अन् तेवढ्यात मावसाजींनं पेढा तोंडाऐवजी हातात घेतला. घेतला अन् घेऊनच बसले.

"घ्या ना जी, हातात काय धरून बसले?"

"हौ, घेतो."

वर पंखा कुरकुर करत होता. मावसाजींच्या हातात पेढा नरम पडाले लागला, बोटायले चिपकाले लागला. घामाची एक धार त्यायच्या मानेवरून कॉलरात जाऊन राह्यली होती, मी तिच्याकडंच पाहत बसली, कारण तोंडाकडं पाहाची माझी हिंमत नव्हती.

"मले शुगर आहे," मावसाजी एकदम म्हणाले.

त्याच लोकायसमोर चार चम्मचचा चहा पिऊन दहा मिनिटं नव्हती झाली. पोराची माय म्हणाली, "मंग कणभर घ्या. कणभर गोडानं काय होते?"

कणभर गोडानं काय होते, ते त्या खोलीत फक्त आमा दोघायले माहीत होतं. मावसाजी उठून उभे राह्यले. हात जोडले, पेढा दोन तळहातायच्या मधातच दबला. "भाऊ, मी खोटं बोललो. मले शुगर नाही. माझी पोरगी नाही म्हणते." थोडं थांबले. मले वाटलं आता 'पण' येते. नाही आला. "तिले शिकाचं आहे. तिनं नाही म्हटल्यावर मी हे नाही खाऊ शकत. तीन प्लेट पोहे खाल्ले तुमचे, तेवढे माफ करा."

"मंग आले काहून?" पोराच्या बापाचा आवाज पहिल्यांदा हळू झाला होता, अन् तो हळू आवाजच जास्त भारी होता.

"फोनवर तुमाले वाईट वाटलं असतं."

"अन् आता नाही वाटून राह्यलं?"

"वाटून राह्यलं असन. पण मी समोर आहे ना जी. काय बोलाचं ते बोला."

तो माणूस हसला, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "तुमच्या घरात पोट्टीचं चालते वाटते."

मावसाजी म्हणाले, "हौ."

हजार वेळा ऐकला असन मी त्यायचा हौ. कटिंगवाल्याले, मास्तरले, भज्यायले, सगळ्यायले एकसारखा. हा तसा नव्हता.

स्टँडपर्यंत आमाले सोडाले कोणी आलं नाही. मावसाजींनं तीनदा मागं वळून पाह्यलं. हातात रुमाल, रुमालात तो दबलेला पेढा. फेकला तर त्यायच्या घरच्या अन्नाचा अपमान, खाल्ला तर भानगड. शेवटी बाकड्यावर बसून मले म्हणे, "तू खाऊन घे." मी म्हटलं, "मावसाजी, माझंच तर नाही ना जमणार तिथं?" ते खरंच विचारात पडले. मंग म्हणे, "बाप सोबत नाही, तर धरत नसन." मी खाल्ला. "कसा होता?" त्यायनं विचारलं. "मस्त होता." मावसाजींचा चेहराच पडला. "हे त्यायले सांगाले पाह्यजे होतं," म्हणाले, अन् खरंच उठले. मी शर्ट धरून खाली बसवलं, अन् बस येईपर्यंत तो शर्ट सोडला नाही.

ताई नागपूरले गेली. मावशी पंधरा दिवस त्यायच्याशी बोलली नाही. अन् मावसाजी, कटंगीचा कोणीबी भेटला की विचारत राह्यले, "त्या घरी सगळे बरे आहेत ना? पोराचं जमलं का?" यंदा उन्हाळ्यात जमलं. लग्नाचा दिवस बी त्यायनं कुठूनतरी माहीत करून घेतला होता. आमाले बोलावणं नव्हतं, असणार बी कसं. त्या दिवशी संध्याकाळी मी गेली, तर मावसाजी अंगणात खुर्ची टाकून बसले होते, चांगले कपडे घालून.

"कुठं जाऊन राह्यले?"

"कुठं नाही."

मी बाजूले बसली. थोड्या वेळानं विचारलं, "बोलावलं असतं तर गेले असते?"

"गेलो असतो."

"कशाले? बोलणी खाले?"

"नाही गं. त्या नव्या पोरीले पाहाले." गल्लीतून कोणाची तरी सायकल गेली. "तिले कोणी विचारलं होतं का नाही, ते चेहऱ्यावरून समजते."

मावशीनं आतून जेवाले दोनदा हाक मारली. आमी दोघंबी तिथंच बसून राह्यलो.