‘नुसत्या फोनवर’ असणाऱ्या मावशी

तीन आठवड्यांपूर्वी शालिनीमावशी गेल्या. गिरगावात त्यांच्या घराचा जिना चढताना कुणीतरी म्हणालं, शेवटी शेवटी नुसत्या फोनवर असायच्या बिचाऱ्या. नुसत्या? तेव्हा गप्प बसले. आता नाही बसणार.

मावशी माझ्या आईची मैत्रीण, परळच्या एका प्रसूतिगृहात नर्स. निवृत्तीनंतर गुडघे गेले, तीन जिने उतरणं संपलं, तेव्हा बाईंनी मोबाईल उचलला आणि दवाखान्यातून घरी गेलेल्या बाळंतिणींना व्हिडिओ कॉल करायला लागल्या. माझा मुलगा झाला तेव्हा आई हयात नव्हती. डिलाईल रोडच्या आमच्या एका खोलीत सासूबाईंनी जीव ओतून केलं, हे आधी सांगते. पण पाणी? दिवसाला दोन भांडी. बाळंतिणीचं पोट सुटतं म्हणे! पाचव्या दिवशी पोर रडून रडून निपचित पडलं. मावशींनी कॉलवर माझ्या नवऱ्याला विचारलं, कालपासून लंगोट किती ओले झाले. तो बोटं मोजायला लागला आणि दोनावर थांबला. मग मला विचारलं, पाणी किती प्यायलीस. मी सासूबाईंकडे बघितलं...

“आमच्यात बाळंतिणीक पाणी देवचा नसता,” सासूबाई म्हणाल्या.

“मग आजपासून द्यायचं,” मावशी शांतपणे म्हणाल्या. “ती पिताना मला दिसली पाहिजे. आणि बाळाला आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे न्या.”

सासूबाईंचा पारा चढला, चाळभर बोभाटा झाला. मावशींना काडीचा फरक पडला नाही. बाळाचं वजन बरंच उतरलं होतं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. पुढे महिनाभर मावशी रोज कॉलवर. पोराने नीट धरलंय का बघायच्या, नवऱ्याला ढेकर काढायला शिकवायच्या, मी रडले की रडू द्यायच्या. नंतर तर सासूबाईच फोन डब्याला टेकवून तयार ठेवायच्या. कबूल मात्र आजतागायत केलेलं नाही.

मावशींचा पुतण्या नंबर बंद करायला निघाला होता. म्हटलं, हात लावायचा नाही. फोन मी घरी आणला. मी नर्स नाही. अडलं की मावशींच्या जुन्या सहकारी बाईंना कॉलवर घेते, नाहीतर सरळ डॉक्टरकडे पाठवते. परवा वडाळ्याहून एका नव्या बापाचा कॉल आला. मला बघून गडबडलाच. मावशी गेल्या म्हटल्यावर ‘सॉरी, सॉरी’ करत फोन ठेवायला लागला.

“ठेवू नकोस,” मी म्हटलं. “बायकोकडे दे.”