पाखरांच्या हॉटेलात मारलेली आरोळी

सिंगापूरला जाऊन मी काय केलं, तर पाखरं हाकलली. तीही कुणाच्या शेतातली नव्हेत. हॉटेलात, पिंजऱ्यात बसलेली. हाकलली तरी उडून जायची सोय नाही अशी. नातवंडं विचारतात, "आजी, तू खरंच एवढी येडी होतीस का?" एवढी नव्हते रे, याच्याहून जास्त होते.

नामांतराची ती वर्षं. विद्यापीठाचं नाव अजून बदलायचं होतं. धाकटा भाऊ सिंगापूरला जहाजं दुरुस्त करायच्या कामावर लागला होता. त्याच्या बायकोचं बाळंतपण आलं, आईचे गुडघे नाही म्हणाले, आणि बोलावणं मला आलं. मी परभणीत शाळेवर बाई होते. वय छत्तीस, अक्कल सोळाची. पिंगळीच्या नणंदेपासून देवगाव फाट्यावरच्या चहावाल्यापर्यंत सगळ्यांना सांगून झालं होतं की मी विमानात बसणार. त्यासाठी काळा चष्मा घेतला होता. तो घरातसुद्धा काढत नव्हते, म्हणून उंबऱ्याला दोनदा ठेचकाळले.

निघायच्या आधी गावी आईला भेटायला गेले. म्हटलं, "भाच्यासाठी एक पाळणा म्हण की. कानात भरून नेते."

"घसा बसलाय, बाई."

"धा वर्सं बसलाय व्हय घसा? गंज चढला असंल."

एकेकाळी वस्तीत बारसं असो की जयंती, पहिलं बोलावणं आईला असायचं. नामांतराच्या पहिल्या वर्षी गावातली माणसं ओरडत वस्तीत शिरली, तेव्हापासून ती गात नव्हती. दारं मोडली, भांडीकुंडी गेली. आई दुपारभर कडब्याच्या गंजीमागं बसून होती. मी परभणीहून धावत आले, तिचे हातपाय चाचपून पाहिले, अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. मग मीच सगळ्यांना सांगत सुटले, "आई ठणठणीत हाय, तिला काय बी झालं न्हाई."

तर सिंगापूर. भावाच्या शेजारी एक चिनी म्हातारा एकटाच राहायचा. त्याच्याकडं अंगठ्याएवढं एक हिरवं पाखरू होतं, डोळ्याभोवती पांढरं कडं असलेलं. आपल्याकडं त्याला चष्मेवाला म्हणतात, हे मला फार पुढं कळलं. तेव्हा माझी समजूत अशी, की त्या मजल्यावर चष्मेवाली मी एकटीच. सकाळी ते गायला लागलं की म्हातारा हातातलं काम टाकून दारात उभा राहायचा. भाऊ म्हणाला, "अक्का, त्याचं सगळं घर म्हंजी त्यो पिंजरा हाय."

रविवारी म्हातारा पिंजऱ्यावर कापड टाकून एका हॉटेलात जायचा. भावानं एकदा मलाही नेलं. हॉटेलाच्या ओसरीला छताऐवजी लोखंडी जाळी, आणि जाळीला आकड्यांनी लटकवलेले पिंजरे, कोरीव, बांबूचे. खाली टेबलांवर म्हातारी माणसं बशीत कॉफी ओतून पीत होती. ती बशी बघून मला एकदम माहेरी आल्यासारखं झालं. सगळे माना तिरक्या करून ऐकत होते. एकाचं पाखरू सुरू झालं की दुसरं त्याला उत्तर द्यायचं. म्हाताऱ्याचं पाखरू सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत खणखणीत. तो माझ्याकडं बघून हसला आणि बोटानं वर दाखवलं, ऐका म्हणून.

मी ऐकलं. थोडा वेळ. मग मला कंटाळा आला.

"का रे, हितली मान्सं पाखरं ऐकायला येत्यात?"

"हळू बोल, अक्का."

"आन आपुन ल्हानपनी हाकलायचो! जोंधळ्याच्या राखणीला उभं ऱ्हाऊन घसा फाटायचा. आठवतंय का?"

"आठवतंय. तुझी आरोळी पल्याडच्या वालुरापत्तुर जायची."

असं म्हणून तो हसला. परमुलखात आल्यापासून मी त्याला पहिल्यांदाच पोटभर हसताना बघत होते. मला चेव आला. मी खुर्चीवरून उठले, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि सणकून ओरडले, "हाऽऽ हुर्र! हाऽऽ हुर्र!"

सगळी ओसरी गप्प झाली. पिंजऱ्यांत फडफड झाली. म्हाताऱ्याचं पाखरू दोनदा गजांवर आपटलं आणि तळाशी जाऊन बसलं. माणसं माझ्याकडं बघत राहिली. मी अजून हसत होते, कारण तोंडावरचं हसू इतक्या लवकर कसं उतरवायचं ते मला माहीत नव्हतं. हळूहळू एकेक पाखरू परत सुरू झालं. तळाशी बसलेलं ते एक मात्र झालं नाही. म्हाताऱ्यानं उठून पिंजरा काढला, त्यावर कापड टाकलं आणि कॉफी तशीच ठेवून निघून गेला.

भाऊ एवढंच म्हणाला, "अक्का, काय केलंस हे."

दुसऱ्या दिवशी मी पुरणपोळ्या करून म्हाताऱ्याकडं नेऊन दिल्या. त्यानं ताट रिकामं परत केलं नाही, संत्री घालून दिली. आपल्यासारखीच रीत. पण पाखरू गाईना. सकाळी म्हातारा पिंजरा दारात टांगायचा आणि स्वतःच शीळ घालायचा, आठवण करून देतात तशी. थांबायचा. परत घालायचा. भिंतीपलीकडं मी भाच्याला मांडीवर घेऊन ऐकत बसायचे आणि मनात म्हणायचे, एकदा तरी गा रे बाबा. मी निघेपर्यंत ते गायलं नाही. पुढं काय झालं, ते भावाला विचारायची हिंमत मला कधीच झाली नाही.

तरी माझी खोड बघा. गावी आले, आणि बायका जमल्यावर हीच गोष्ट रंगवून सांगितली. आरोळीसकट. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. आई कोपऱ्यात सूप घेऊन डाळ निवडत होती, ती हसली नाही. बायका गेल्यावर तिनं विचारलं,

"मंग, गायलं का ते पाखरू?"

"न्हाई गं. लय नाजूक जात. म्या तर त्येला बोट बी लावलं नव्हतं."

आईनं डाळीतला खडा काढून बाजूला टाकला आणि सुपातच बघत म्हणाली,

"मला तरी कुठं कुनी बोट लावलं व्हतं, बाई?"