पार्लर या शब्दाचा अर्थ

मित्रहो, या कम्युनिटीत मी शब्दांच्या व्युत्पत्ती लिहितो. आज एका व्युत्पत्तीने मी एका बाईला जाणूनबुजून दुखावले.

माझी दिवंगत पत्नी माणिकपूरला पार्लर चालवीत असे. तिची मदतनीस शैला दुपारी घरी आली. "सर, ताईंची खुर्ची द्याल का? वालीवला माझं पार्लर टाकतेय."

मी म्हणालो, "पार्लर हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला. त्याच्या मुळाशी 'पार्ले', म्हणजे बोलणे. ख्रिस्ती मठातल्या सिस्टर भेटीस आलेल्यांशी जिथे बोलत, ती खोली म्हणजे पार्लर. केमोने हिचे केस गेल्यावर तू एकदाही बोलायला आली नाहीस. तुझ्या दुकानाला हा शब्द शोभत नाही."

शैलाचा चेहरा उतरला. "ताईच नको म्हणाल्या, सर. मला अशा अवस्थेत बघू नकोस, म्हणाल्या. पण तुम्ही कॉलेजला गेलात की रोज फोन करायच्या."

"काय बोलत असे?"

"मरायची भीती वाटते म्हणायच्या. रडायच्या खूप."

मला ती रोज सायंकाळी "आज बरं वाटतंय" एवढेच सांगत असे, आणि मी निर्धास्तपणे वाचत बसे.

मित्रहो, तुमच्या घरातले माणूस आपली भीती कोणाला सांगते, हे तुम्हाला ठाऊक आहे का?