लंगडी येईस्तवर

बार्शीत मी रोपांसाठीच्या रिकाम्या ट्रेचे गठ्ठे टेम्पोत चढवून घेत होते, तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. "तात्या गेलं," तो म्हणाला. मी विचारलं, "कुठं?" ... त्यात माझी फारशी चूक नव्हती. बिरुतात्या, म्हणजे माझे चुलत सासरे, न सांगता कुठंही जात. मेंढरांमागं आयुष्य काढलेला माणूस, एका जागी बसणार कसा? कुणाच्या बांधावर, कुणाच्या गोठ्यात, नाहीतर देवळामागच्या लिंबाखाली सापडायचे. पलीकडं तो रडू लागला, तेव्हा मला कळलं. आता महिना उलटून गेलाय. रडून झालंय, पण नवल काही सरत नाही. या माणसाला जे दिसायचं ते नेमकं कसं दिसायचं, हे मला आजही सांगता येणार नाही.

वैरागजवळच्या आमच्या माळावर मी भाजीपाल्याची रोपवाटिका काढली, त्याच वर्षी तात्यांचे गुडघे गेले आणि त्यांनी मेंढरं विकली. मी कृषी पदवीधर. बारीक जाळीचं शेडनेट, एकामागं एक दोन दारं, काथ्याच्या भुशाचं कोकोपीट भरलेले ट्रे, त्यांत वांगी, टोमॅटो, मिरची. सगळं पुस्तकात लिहिल्याप्रमाणं. मला त्याची घमेंडही होती. तात्या पहिल्यांदा आत आले, मान वर करून जाळी बघितली आणि हसले. "ही तर वाघरच की!" मुक्कामाला मेंढरं कोंडायला धनगर जाळी लावतात, ती वाघर. "माजी वाघर लांडग्यासाटी. तुजा लांडगा केवढा गं सूनबाई?" मी त्यांना टाचणीचं टोक दाखवलं. त्यांचं हसू गेलं. "मंग लई अवघड हाय," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी येऊ लागले. आमच्या शेडनेटचं नाव तेव्हापासून वाघर पडलं ते पडलंच.

सुरुवातीला मला वाटायचं, म्हातारा वेळ घालवायला येतो. मग एकदा वांग्याची रोपं माना टाकू लागली. मी बुरशी समजून औषध ओतलं, वर पाणीही वाढवलं, आणि रोपं आणखीच कोलमडली. तात्या ट्रेवर वाकून उभे होते. "ही बारकी काळी माशी कसली?" मी म्हटलं, चिलटं आहेत, काही करत नाहीत. ते म्हणाले, "चिलाट डोळ्याफुडं नाचतंय. ही मातीवर का पळत्यात?" त्यांनी एक रोप अलगद उपसलं. मुळं कुरतडलेली होती आणि त्यांत काळ्या डोक्याच्या पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. ओल्या कोकोपीटमध्ये ती माशी अंडी घालते, हे मी शिकले होते... पण शिकले होते, एवढंच. "पाणी तोड," तात्या म्हणाले. "वली जागा ऱ्हायली की मेंढराचं खूर सडतंय. हितं मूळ." पाणी तोडलं, ट्रे वरून सुकू दिले, उडत्या माश्यांसाठी चिकट कागद लावले आणि राहिलेली रोपं वाचली. माझी पदवी भिंतीवर लावलेली होती, ती मी त्या आठवड्यात उतरवून कपाटात ठेवली.

पण खरं नवल त्यांच्या टोपीचं. धुऊन धुऊन मऊ पडलेली पांढरी टोपी. फिरताना ते मध्येच थांबत, डोक्यावरची टोपी काढून मिरचीच्या रोपाखाली धरत आणि रोपाला बोटानं दोन टिचक्या मारत. टोपीवर धुळीचे चार कण पडत. मी बघून म्हणायची, काही नाही, धूळ आहे. "थांब की. धूळ पडून ऱ्हाती. जीव असंल तर हलंल." आणि ते थांबत. किती? तर ओठातल्या ओठात विकलेल्या मेंढरांची नावं घेत, सगळी संपेपर्यंत. काळी, बांडी, चांदी, कानतुटी... सगळ्यात शेवटी लंगडी. कळप वाघरीत शिरताना ती नेहमी मागं राहायची म्हणे. "लंगडी येईस्तवर थांबायचं. ती येत न्हाय तवर दार लावायचं न्हाय." आणि खरोखर, नावं संपत येत तेव्हा त्या धुळीतला एखादा पिवळसर कण सरळ चालू लागे. फुलकिडा. मिरचीची पानं द्रोणासारखी वर वळायच्या कितीतरी आधी तात्यांनी तो टोपीत धरलेला असे. माझ्याकडं भिंग होतं. सत्तरी ओलांडलेल्या त्या माणसाला चष्मासुद्धा नव्हता.

असा डोळ्यांत तेल घालून बघणारा माणूस एकदा चुकला, आणि त्या चुकीनं तो माझ्या मनात आणखी मोठा झाला. घरच्या देवाचं जागरण झालं होतं. सकाळी तात्या भंडाऱ्यात न्हाऊन निघालेलं पिवळंजर्द उपरणं खांद्यावर घेऊन, शेजारच्या वांग्याच्या रानातून चालत थेट वाघरीत आले आणि सगळ्यांना प्रसादाचं खोबरं वाटलं. चार-पाच दिवसांनी दाराजवळच्या टोमॅटोच्या ट्रेवर हात फिरवला, तर पांढरी माशी भुर्रकन उडाली. ही माशी रोपाला नुसती शोषत नाही, पानं आकसवणारा रोग देऊन जाते, आणि रोप घेऊन जाणाऱ्याचा हंगाम बुडतो. माझं डोकं फिरलं. ट्रे उचलणाऱ्या शांताबाई कधीकधी दोन्ही दारं उघडी टाकत. मी सगळ्यांसमोर त्यांना म्हटलं, "उद्यापासून येऊ नका." शांताबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

तात्या उठून बाहेर गेले. घरून ते उपरणं आणलं, वांग्याच्या कडेला काठीवर पसरलं आणि उन्हात बसून राहिले. तासाभरानं ते दोन्ही हातांवर धरून दारापर्यंत आले. पिवळ्या कापडावर पांढरे ठिपके बसले होते. "चोर घावला," ते म्हणाले. "मीच हाय. लांडगा मीच खांद्यावर बसवून वाघरीत आनला." मग त्यांनी शांताबाईंना, वयानं लेकीसारख्या बाईला, सगळ्यांदेखत हात जोडले. "बाय, तुजा काय दोस न्हाय." पिवळ्या रंगावर ती माशी येते, हे परीक्षेत लिहून मी मार्क मिळवले होते. पिवळे चिकट कागद मीच टांगले होते. आणि पिवळ्या उपरण्यातले सासरे समोरून आत येताना मी हात पुढं करून खोबरं घेतलं होतं! त्या दिवशी मीही शांताबाईंची माफी मागितली, पण तात्यांनंतर. पहिली मागायची हिंमत मला झाली नव्हती. दाराजवळचे ट्रे आम्ही खड्ड्यात पुरले. तात्यांनी बाहेरच्या खांबाला एक खिळा ठोकला. पिवळं काहीही असो, तिथं काढून ठेवायचं. आणि ते उपरणं? माशी चिकटावी म्हणून त्याला त्यांनी स्वतः एरंडेल चोपडलं आणि दोन दारांच्या मधल्या जागेत टांगलं. "देवाचं हाय. बसूंदे राखनीला," म्हणाले.

बार्शीहून मी पोचले तेव्हा त्यांना अंगणात ठेवलं होतं, गळ्यापर्यंत पांढरी चादर. बायका रडत होत्या. मी त्या चादरीकडं बघत उभी राहिले आणि माझ्याही नकळत ओठ हलू लागले... काळी, बांडी, चांदी, कानतुटी. शेवटी लंगडीसुद्धा येऊन गेली. पांढऱ्यावर काही हललं नाही.

परवा करकंबच्या एका बाईंचा टेम्पो मिरचीची रोपं न्यायला आला. यंदा पहिल्यांदाच त्या स्वतःच्या हिमतीवर मिरची लावतायत, रान तयार करून वाट बघतायत. रोपं तरारलेली, पानं सपाट, चिकट कागदही स्वच्छ. शांताबाईंनी पहिला ट्रे उचलला. बाहेरच्या खिळ्यावर तात्यांची टोपी होती. ते गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी ती तिथंच विसरली होती, आणि तिला हात लावायचा धीर आम्हाला कुणाला झाला नव्हता. मी ती काढली. अजून तिला त्यांच्या डोक्याच्या तेलाचा वास होता. रोपाखाली धरून दोन टिचक्या मारल्या. चार कण पडले. धूळ. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. "ताई, ऊन व्हायलंय." शांताबाई ट्रे घेऊन दाराकडं वळल्या होत्या.

"थांबा," मी म्हटलं. काळी... बांडी... चांदी... कानतुटी... मध्ये कितीतरी नावं मला येतच नाहीत, तेवढी जागा मी नुसता श्वास घेत राहिले. मग लंगडी. मी टोपी तशीच धरून ठेवली. ती नेहमी उशिरा येते.

एक कण हलला.

करकंबच्या बाईंना मीच फोन केला. म्हटलं, आठ-दहा दिवस थांबा, रोपांत किडा आहे, स्वच्छ झाल्याशिवाय देणार नाही. त्यांचा आवाज पडला. "कुनी बघितला वो किडा? पानं तर चांगली हायती म्हनं."

मी म्हटलं, "आमच्या तात्यांनी."